जरा कललेल्या बाकाचं ऐका

"आवं अंजनाक्का, तुमच्या कानावर आलं का न्हाई? पालिकेची माणसं येणारात म्हणं. ह्यो बाक उचलणार, आन् मग..."

रंगूबाईचं वाक्य इथवर आलं आणि नेमका उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, त्यांवर आभाळाला टेकलेला ऊस, आणि गाणं एवढ्या मोठ्यानं की माझ्या पोटातली खडी थरथरली. रंगूबाईचे ओठ हलत होते, हातवारे चालू होते, अंजनाक्का मान डोलवत होत्या. ट्रॅक्टर वळणाआड गेला तोवर वाक्य संपलं होतं. रंगूबाईची शेळी सुटली म्हणून ती तिच्यामागं पळाली, आणि अंजनाक्का "अगं बाई" म्हणत घरात गेल्या.

आता तुम्हीच सांगा. उचलणार, आणि मग काय?

तो बाक म्हणजे मी. आष्ट्याच्या एका बोळाच्या तोंडाशी बसलेला सिमेंटचा बाक बोलतोय. लोक म्हणतात, याला दुसऱ्यांच्या घरातलं फार कळतं. कबूल आहे. पण मी काही कान लावून ऐकत नाही. मला उठून जाता येत नाही, एवढंच.

माझा जन्म कऱ्हाडशेजारच्या मलकापुरातला. हायवेच्या कडेला सिमेंटच्या वस्तू ओतणारा एक कारखाना होता. एका बाजूला तुळशीवृंदावनं, दुसऱ्या बाजूला गटारांची झाकणं, आणि मधे आम्ही बाक. एका साच्यातली भावंडं, पण कोण कुठं जाईल ते ज्याच्या त्याच्या नशिबात. एक भाऊ वडूजच्या स्टँडवर गेला. तो म्हणे दुपारी इतका तापतो की वर पापड ठेवला तर भाजून निघेल. एक स्मशानात गेला. त्याला तरी शांतता लाभली असेल असं मला वाटायचं, पण जाऊन आलेली माणसं सांगतात ते उलटंच. सरण पेटेपर्यंत तिथंसुद्धा निवडणुकीचीच चर्चा.

मी आष्ट्याला आलो तो वीरधवल आप्पांच्या विकासनिधीतून. आप्पा म्हणजे आमच्या भागातले पुढारी. माझं रीतसर उद्घाटन झालं. नारळ फोडायला दगड सापडेना म्हणून तो माझ्याच कोपऱ्यावर फोडला. उडालेला टवका अजून दिसतो. आप्पा माझ्यावर फोटोपुरते टेकले, 'छान झालंय' म्हणाले आणि गेले. त्यानंतर आजतागायत बसलेले नाहीत. पुढाऱ्यांना खुर्ची लागते, बाक नव्हे. खुर्चीत एकटंच बसता येतं, हा त्यातला फरक.

माझ्या पाठीवर आप्पांचं नाव आणि खाली त्यांच्या पक्षाचं नाव रंगवलं होतं, निळ्या अक्षरांत. दोन वर्षांनी पेंटर आला, पक्ष खरवडला, नवीन घातला, हिरव्या अक्षरांत. मग तोही खरवडला, आणि केशरी आला. आप्पांच्या नावाला मात्र कुणी हात लावला नाही. कुणीतरी पेंटरला विचारलं, "आप्पांनी परत पक्ष बदलला व्हय?" तर तो म्हणाला, "आप्पा हाय तिथंच हायती. पक्षच लय हलतुया." एवढं शहाणं राजकीय भाष्य मी माझ्या पाठीवर त्यानंतर ऐकलं नाही, आणि माझ्या पाठीवर पुष्कळ ऐकलंय.

कारण मी बसलो ती जागाच तशी. माझ्यामागं दोन घरं, भिंतीला भिंत लागून. उजवीकडचं लालासाहेबांचं, डावीकडचं विष्णुपंतांचं. दोन घरांमधली भिंत जिथं संपते, बरोबर तिथं माझा मध्य. म्हणजे अर्धा मी लालासाहेबांच्या दारात, अर्धा पंतांच्या.

लालासाहेब सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. उसाची शेती, झुपकेदार मिशी, आणि बोलताना पुढ्यात शंभर माणसं उभी आहेत असा आवाज. त्यांच्या घरच्या अंजनाक्का. मुलगा शंभूराज, तोही सैन्यात, जम्मूच्या बाजूला. विष्णुपंत मूळचे सांगलीचे, तिथल्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी केलेले. निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरच्या गावी, म्हणजे आष्ट्यात, घर घेऊन राहिले. बायको उमावहिनी, आणि मुलगा सुमंत अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कंपनीत.

या दोघांच्या मधे हरिबा. हरिबाचं घर लांब, हळदीचं रान त्याहून लांब, पण पहाटे पाणी पाजून झालं की तो पेपर घेऊन माझ्यावर. पेपर पंतांच्या पैशाचा, वाचणार हरिबा, आणि मत लालासाहेबांचं, अशी वाटणी.

काय नाही ठरलं माझ्यावर! रशिया-युक्रेनची लढाई कशी मिटवायची हे इथं कितीतरी वेळा ठरलं. तिकडं कळवायचं तेवढं राहून गेलं. चहा सांडला की लालासाहेब त्यात बोट बुडवून नकाशा काढत. "ही बघा होर्मुझची सामुद्रधुनी. ह्यो इराण. हितं नुसतं एक जहाज आडवं लावलं की तुमच्या स्कुटरचं पेट्रोल बंद, पंत." पंत ताबडतोब स्कूटरकडे बघत, कुणी आडवं लावलेलं नाही ना म्हणून.

अमेरिकेनं आपल्या मालावर कर वाढवला तेव्हा हरिबा दोन दिवस घुश्श्यात होता. "त्यो अध्यक्ष सकाळी उठून पंचवीस टक्के म्हणतुया, जेवून पन्नास म्हणतुया. असा दर तर आमच्या सांगलीच्या हळदीच्या सौद्यातला दलालबी बदलत न्हाई."

"अरे, मग संयुक्त राष्ट्रं काय करतायत?" पंत म्हणाले.

"ती व्हय? ती आपल्या तंटामुक्ती समितीगत हायती. फलक एवढा मोठा, आन् तंटा हाय तसा."

रंगूबाई शेळीसाठी पाला घेऊन जाताना मधेच थांबायची आणि आपलंही टाकून जायची. "सरकार बहीण म्हणतंय मला. पर भाऊबीजेला एकबी भाऊ दारात आला न्हाई." यावर पंतांनी असे पैसे वाटल्यानं अर्थव्यवस्थेवर काय परिणाम होतो ते समजावून सांगितलं. रंगूबाईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी तरी या की मग भाऊबीजेला." आणि त्या वर्षी पंत गेले हं, साडी घेऊन. उमावहिनींनी निवडलेली.

माझं स्वतःचं म्हणाल तर मत असं आहे. माणसं पुढाऱ्यांसाठी एकमेकांची डोकी फोडायला निघतात, आणि पुढारी संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नात एकाच टेबलावर बासुंदी खात असतात. हे मी ऐकीव सांगत नाही. समोरच्या मंगल कार्यालयाचं दार माझ्या अगदी नजरेसमोर आहे.

तर असं गुण्यागोविंदानं चाललं होतं, आणि मे महिना आला.

सरहद्दीवर भडका उडाला. तोफा, ड्रोन, सायरन. चार दिवस माझ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना जम्मू नकाशात दाखवता आलं नसतं तेही आता कुठं काय डागायचं ते सांगत होते. व्हॉट्सअपवर तर आपलं सैन्य कुठल्या कुठं पोचलं होतं. सैन्यालाच ते माहीत नव्हतं.

एकटे लालासाहेब बोलत नव्हते. लोकांना वाटलं, सुभेदार आहेत, गुपित पाळतायत. मला खरं ठाऊक होतं. दुपारी बोळात कुणी नसताना अंजनाक्का माझ्यावर येऊन बसायच्या. मांडीवर फोन. नंबर लावायच्या, कानाला धरायच्या, परत मांडीवर ठेवायच्या. शंभूराजचा फोन लागत नव्हता. लालासाहेबांनी बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही, म्हणून त्या सांगत नव्हत्या. मी दगडासारखा आहे म्हणून माझ्यापाशी बसत होत्या.

आणि त्याच दिवसांत डावीकडच्या घरातही काही बरं नव्हतं. सुमंतच्या कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाली होती. नोकरी गेली तर व्हिसा गेला. सकाळी तिकडून फोन यायचा, पंत पायरीवर उभे राहून हळू आवाजात बोलायचे आणि मग डोळ्यावर चष्मा चढवून, काही झालंच नाही असा चेहरा करून पेपर ऐकायला यायचे. त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं.

युद्ध थांबल्याची बातमी आली त्या संध्याकाळची गोष्ट. हरिबा म्हणाला, "थांबलं बघा, सुटलो."

"थांबवायलाच नको होतं," पंत म्हणाले. "आणखी आठ दिवस चालायला हवं होतं. एकदाचा सोक्षमोक्ष."

लालासाहेबांनी मान वळवली.

"आठ दिवस?" ते म्हणाले. "तुमाला वो काय जातंय म्हणायला. तिकडं कोण हाय तुमचं? तुमचा सुमंत धाडा की. येसीत बसून काय कामाचा? न्हाईतर थांबा जरा, त्यो अध्यक्ष हाकलंलच त्याला, मग मोकळाच हाय, तवा धाडा."

पंत उठले, चपला घालायलाही थांबले नाहीत. दारातून एवढंच म्हणाले, "लालासाहेब, पोराचं वाईट चिंतू नये माणसानं."

"मग तुमी काय चिंतलं माझ्या पोराचं?"

दोन्ही दारं लागली. पंतांच्या चपला माझ्यापाशी तशाच. हरिबा बिचारा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत बसला, आणि मग त्या पंतांच्या पायरीवर ठेवून घरी गेला.

मला त्या दिवशी तोंड असतं ना, तर दोनच वाक्यं बोलायची होती. पंत, त्यांच्या पोराचा फोन लागत नाही. सुभेदार, त्यांच्या पोराची नोकरी जातेय. संपलं असतं तिथंच. पण बाकाला कुणी विचारतं का?

शंभूराजचा फोन दुसऱ्या दिवशी आला. खुशाल होता. पण अबोला काही सुटला नाही. फोनवर बातमी येते, अबोला जायला माणसाला यावं लागतं.

मग सुरू झालं आमचं शीतयुद्ध. दोघंही मला सोडायला तयार नव्हते आणि एकमेकांकडे बघायलाही. लालासाहेब आपल्या टोकाला, पंत आपल्या टोकाला, हरिबा मधे. हरिबानं पेपरात वाचलं होतं की भांडणाऱ्या देशांचे निरोप कतार नावाचा देश पोचवतो. तेव्हापासून तो स्वतःला कतार म्हणवून घ्यायला लागला.

"हरिबा, त्यांना म्हणावं, पेपरचं मधलं पान झालं असेल तर द्या."

"सुभेदार, पंत म्हणत्यात मधलं पान."

"ऐकलंय मी. भैरा न्हाई. दे त्यांना."

"पंत, सुभेदार भैरं न्हाईत. हे घ्या."

निर्बंध लागू झाले. लालासाहेबांच्या गुऱ्हाळाची काकवी डावीकडं जायची बंद झाली. उमावहिनींचं लिंबाचं लोणचं उजवीकडं यायचं बंद झालं. असं दोघा पुरुषांना वाटत होतं. पण एकदा पंतांच्या सदऱ्यावर काकवीचा डाग मला दिसला, आणि त्याच दिवशी लालासाहेबांच्या मिशीला लोणच्याचा खार. परसातल्या भिंतीवरून बायकांचा व्यापार बिनबोभाट चालू होता. हरिबाच्याही ते लक्षात आलं. तो कुणाला बोलला नाही. कतारनं तोंड कुठं उघडायचं आणि कुठं मिटायचं हे त्याला आता जमायला लागलं होतं.

पण पावसाळ्यात कशावरून तरी पुन्हा ठिणगी पडली. बहुतेक पंतांनी अमेरिकेला शिव्या घातल्या आणि लालासाहेब मोठ्यानं हसले. हसले ते दुसऱ्याच कशाला तरी, पण पंतांना वाटलं सुमंतला. झालं. दुसऱ्या दिवशी लालासाहेबांनी पालिकेच्या मुकादमाला, अर्जुनाला, रस्त्यात अडवलं.

"अर्जुना, ह्यो बाक उचल हितनं. नुसती रिकामटेकडी गोळा हुत्यात."

"बघतो की, सुभेदार."

आणि चार दिवस गेले असतील नसतील, पंतांनी त्याच अर्जुनाला त्याच ठिकाणी थांबवलं. "अर्जुनराव, हा बाक दुसरीकडे कुठं हलवता आला तर पाहा. फार गलबला होतो."

"बघतो की, पंत."

पालिकेत 'बघतो' म्हणजे डोळे मिटून घेणं. मला हे माहीत होतं, म्हणून मी घाबरलो नाही. वाईट मात्र वाटलं. उन्हापावसात मी कधी कुरकुर केली नाही, आणि ज्यांची ओझी वाहिली तेच म्हणतात, उचल याला.

पुढं पालिकेच्या निवडणुका लागल्या आणि आचारसंहिता आली. आचारसंहिता म्हणजे माझ्यासाठी पाठ झाकायचे दिवस. पुढाऱ्याचं नाव दिसायला नको म्हणून पालिकेचा माणूस खळ लावून माझ्या पाठीवर जुने पेपर चिकटवून गेला. आता मीच बातमीपत्र झालो. हरिबा वाकून माझी पाठ वाचायचा. आणि रंगूबाईच्या शेळीनं काय करावं? खळीच्या वासानं ती पेपर चाटू लागली. आधी जागतिक घडामोडी खाल्ल्या, मग क्रीडा, आणि शेवटी आतून 'आप्पा' बाहेर आले. विरोधी गटाची पोरं धावत आली, फोटो काढले, 'आचारसंहितेचा भंग' म्हणून तक्रार. पालिकेचा माणूस येऊन शेळीला म्हणाला, "तू कुठल्या गटाची गं?" रंगूबाई म्हणाली, "ती खळीच्या गटाची हाय. जो चिकटवंल त्याची."

लालासाहेब हसले. पंतही हसले. दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं, आणि लगेच एकानं मंगल कार्यालयाकडे आणि दुसऱ्यानं आभाळाकडे. तेवढंच. पण हसले होते, मी खोटं कशाला सांगू?

निवडणूक पार पडली, ऊसतोड भरात आली, आणि मग ती सकाळ, ज्या सकाळी रंगूबाईचं वाक्य ट्रॅक्टरखाली गेलं.

अंजनाक्कांनी मग तिला गाठून विचारलंच. "काय गं, मघाशी पुढं काय म्हणालीस? मला काय ऐकाय आलं न्हाई."

"मी म्हणलं, आन् मग काय हुतंय बघा! मला तरी कुठं पुरतं ठावं? मुकादमाची बायको सांगत हुती, तेवढ्यात तिचा फोन वाजला."

म्हणजे बातमी मुळात अर्धीच निघाली होती. पण अर्धी बातमी आष्ट्यात अर्धी राहत नाही. दुपारपर्यंत ती तीन ठिकाणी पुरी झाली. कुणी म्हणालं, बाक काढून तिथं पुतळा बसणार. कुणी म्हणालं, बाक मंगल कार्यालयाच्या मालकानं मागितला. आणि सगळ्यांत पक्की खबर अशी की नव्या नगरसेविका तिथं 'आय लव्ह आष्टा' असं दिव्यांच्या अक्षरांत लावून सेल्फी पॉइंट करणार. मधे तांबडं हृदय.

ही खबर दोन्ही घरांत पोचली आणि मग मी एक गंमत पाहिली. दुपारी लालासाहेब एकटेच आले. माझ्या टवका उडालेल्या कोपऱ्यावरून हात फिरवला. "च्यायला, माझ्याच तोंडानं सांगितलं," असं पुटपुटले आणि गेले. थोड्या वेळानं पंत आले. जुन्या टॉवेलनं माझी अख्खी बैठक पुसली, लालासाहेबांची बाजूसुद्धा. मग बसले आणि टॉवेल डोळ्याला लावला. दोघांनाही वाटत होतं, हे माझंच पाप. दोघांनाही माहीत नव्हतं की पापात भागीदार आहे.

दुसऱ्या दिवशी अर्जुना आला. बरोबर ट्रॅक्टर, दोरखंड, आणि चार गडी.

लालासाहेब दारात उभेच होते. ते आले आणि आपल्या टोकाला बसले. मांडी घालून. "हलत न्हाई."

त्याच वेळी डावं दार उघडलं. पंत आले, त्यांच्या टोकाला बसले. मांडी घालायला गुडघा वळेना, म्हणून नुसतेच ताठ बसले. "मीही."

हरिबानं दोघांकडे पाहिलं, पेपर बगलेत मारला आणि मधे बसला. "अर्जुना, ठिय्या आंदोलन हाय बाबा. तू चहा पिऊन ये."

"आवं, पर ऐकून तरी घ्या..."

"ऐकायचं काय न्हाई!" लालासाहेबांचा आवाज मंगल कार्यालयाच्या भिंतीवरून परत आला. हरिबाला स्फुरण चढलं. त्यानं मूठ वर केली. "बाक आमच्या हक्काचा!"

"नाही कुणाच्या बापाचा!" दोन्ही टोकांकडून एकदम.

सात महिन्यांत दोघं पहिल्यांदा एका सुरात बोलले होते. बोलून झाल्यावर दोघंही दचकले. अर्जुनानं कपाळाला हात लावला आणि गड्यांना घेऊन खरंच चहाला गेला.

ऊन हळूहळू पंतांच्या पायावर आलं. हरिबानं पेपर उघडला, पण वाचला नाही. पंतच आधी बोलले, समोर बघत.

"हरिबा, विचार बरं. शंभूराजचा फोन येतो का नियमित?"

हरिबा वळायच्या आत उत्तर आलं. "हरिबा, सांग. येतोय. परवाच आलता. तवा, मे महिन्यात, लागत न्हवता."

पंतांनी मान खाली घातली. "लागत नव्हता?"

"चार दिवस. आन् तुमी म्हणालासा, अजून आठ चालू दे."

"हरिबा, सांग त्यांना, मला माहीत नव्हतं."

हरिबाला सांगायचं काही राहिलंच नव्हतं. लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "आन् सुमंतचं काय? त्यांना म्हणावं, खरं सांगा."

"नोकरी गेली दिवाळीआधी. खटपट केली बरीच. आता तिकडचं घर आवरतोय. पुढच्या महिन्यात येतोय परत." पंतांनी चष्मा काढला. "तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं."

लालासाहेब हरिबाच्या अंगावरून पलीकडे वाकले. त्यांचं सगळं वजन माझ्या मध्यावर आलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

"पंत," ते म्हणाले, सात महिन्यांत पहिल्यांदा थेट. "पोरगं घरला येतंय. ह्यात वाईट काय हाय? माझं कवा येतंय त्याची मी वाट बघतुया. तुमचं येतंय की वो."

पंत रडले, की हसले, मला नीट कळलं नाही. दोन्हीला माणसाचं अंग सारखंच हलतं.

"कतारचं काम संपलं," हरिबा म्हणाला. पण उठायला त्याला जागा नव्हती, दोघंही मधे सरकले होते.

तेवढ्यात अर्जुना चहाची किटली घेऊनच परत आला. "आता तरी ऐका. बाक काढून न्यायचा न्हाई. खालनं नव्या नळाची पाइप जायाचीय. उचलायचा, चर खणायची, पाइप घालायची, परत ठेवायचा. एवढंच सांगाय आलतो सकाळधरनं."

"मग मी तुला सांगितलेलं ते..." लालासाहेब बोलून बसले.

"मी सांगितलेलं ते..." पंतही बोलून बसले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुमीबी?"

"तुम्हीसुद्धा?"

अर्जुना चहा ओतत म्हणाला, "दोघांनीबी सांगितलं हुतं. मी ऐकून घेतलं हुतं. केलं कुठं काय? आमी ऐकून घेतो फक्त."

लालासाहेब इतके हसले की शेळी पळाली. पालिकेनं काम न केल्याबद्दल नागरिकांनी तिचे मनापासून आभार मानले, असा प्रसंग माझ्या आयुष्यात तो एकच.

तर अफवेचं शेवटी काय झालं? उचलला, हे खरं निघालं. दोरखंड बांधून हवेत लटकवलं मला. त्या वेळी आष्ट्यात आल्यापासून पहिल्यांदा मी दोन्ही घरांची कौलं पाहिली. पुतळा नाही, सेल्फी पॉइंट नाही, तांबडं हृदय नाही. पाइप आली. पाणी अजून यायचंय. तेही अर्जुना 'बघतो' म्हणालाय.

पण परत ठेवला हे मात्र पुरतं खरं नाही. होतो तसा नाही ठेवला. चर बुजवताना डाव्या बाजूची माती नीट चोपली नाही, आणि माझा डावा पाय खचला. आता मी पंतांच्या दाराकडं कललोय. लालासाहेब आपल्या टोकाला कितीही रुबाबात बसोत, होर्मुझची सामुद्रधुनी येईपर्यंत ते घसरत घसरत पंतांच्या खांद्याला टेकलेले असतात. सांडलेला चहाही तिकडंच जातो, त्यामुळे हल्ली सगळी जहाजं पंतांच्या धोतरात बुडतात. हरिबाला मधे जागाच उरत नाही. तो समोर दगडावर बसून पेपर वाचतो आणि म्हणतो, "ह्यो तर माझ्यावर अन्याव हाय. शांतता झाली की कतारला कोण इचारतंय?"

मतभेद आहेतच. परवाच कुठल्याशा करारावरून मोठा आवाज झाला. लालासाहेब तावातावानं उठायला गेले, पण उताराला उठता येईना. पंतांनीच हात दिला, आणि हात धरूनच पुढचं भांडण पुरं झालं. पुढच्या महिन्यात सुमंत येतोय. शंभूराजनंही सुट्टी मागितलीय. माझ्यावर चौघं बसले तर सगळं ओझं डाव्या पायावर येणार. येऊ दे.

आप्पांचे कार्यकर्ते कालच येऊन बघून गेले. "बाक वाकडा झालाय, नाव तिरकं दिसतंय," म्हणत होते. पायाखाली एक फरशी सरकवून मला सरळ करायचा त्यांचा विचार आहे.

माझी एकच विनवणी आहे. नाव हवं तर खरवडा, पक्ष हवा तो रंगवा, शेळीला पाठ चाटू द्या. पण ती फरशी तेवढी घालू नका.

आणि मला सरळ करायला कुणाला सांगायचंच असेल, तर अर्जुनाला सांगा. तो ऐकून घेतो.